जुनी मोटार, थोडे पैसे आणि पुष्कळ चौकशी

नवी मोटार मिळणे हीच ज्या काळी मोठी गोष्ट होती, त्या काळी जुन्या मोटारीचा विचार वेगळ्याच रीतीने होत असे. उत्तरपाड्याची अँबॅसडर आणि कुर्ल्याची फियाट, जिला पुढे पद्मिनी हे नाव मिळाले, या दोन मोटारींसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. ज्यांना थांबणे शक्य नसे ते वापरलेली मोटार नव्या मोटारीच्या ठरीव किमतीहूनही अधिक पैसे मोजून घेत आणि स्वतःस भाग्यवान समजत. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ही स्थिती हळूहळू पालटली. २०१४ साली अँबॅसडर आणि मारुती ८०० या दोहोंचेही उत्पादन थांबले. आज लहानशा शहरातही जुन्या मोटारींचे पाचदहा विक्रेते सहज सापडतात. वाट पाहण्याची अडचण गेली. तिच्या जागी निवडीची अडचण आली.

ही अडचण श्रीमंतास फारशी जाणवत नाही. चुकीची मोटार गळ्यात पडली, तर तो ती विकून दुसरी घेतो. ज्या कुटुंबाने चारपाच वर्षे काटकसर करून दोनतीन लाख रुपये बाजूस ठेवले आहेत, त्याला मात्र एकदाच चुकण्याची मुभा असते, आणि खरे पाहता तेवढीही नसते. म्हणून अशा कुटुंबाने मोटार कशी निवडावी, याचा विचार येथे करावयाचा आहे.

गेल्या हिवाळ्यात हा प्रश्न इंदुरास आमच्या थोरल्या बहिणीच्या घरी उभा राहिला. भावोजींच्या मातोश्रींना आठवड्यातून दोन वेळा डायलिसिससाठी रुग्णालयात न्यावे लागते. सकाळी सहाला घरून निघावे लागे. त्या वेळी रिक्षा मिळे, न मिळे. मिळाली तरी थंडीच्या वाऱ्यात जाताना म्हाताऱ्या जिवाचे हाल होत. परतताना तर त्यांना बसवतही नसे. घरात तीन लाख रुपये शिल्लक होते. त्याहून एक रुपयाही अधिक खर्च करावयाचा नाही आणि कर्ज काढावयाचे नाही, असा ताईचा निश्चय होता. त्या दोनतीन आठवड्यांत जे पाहिले, विचारले आणि शिकलो, त्याच्याच आधाराने पुढील विवेचन केले आहे.

आधी गरज, मग मोटार

मोटार पाहावयास बाहेर पडण्यापूर्वी घरातील सर्वांनी एकत्र बसून एक साधी यादी करावी. मोटारीत कोण बसणार? रोज किती किलोमीटर जाणे होणार? उभी कोठे राहणार? ताईच्या यादीत पहिली ओळ होती : “आईंना वाकावे न लागता आत बसता आले पाहिजे.” दुसरी : “चाकांची खुर्ची डिकीत मावली पाहिजे.” तिसरी : “आठवड्यास शंभर किलोमीटरांहून अधिक फिरणे नाही.”

या तीन ओळींनी अर्धे काम केले. पहिल्या ओळीमुळे खुजी बैठक असलेल्या मोटारी वगळल्या गेल्या. दुसऱ्या ओळीमुळे गॅसवर चालणारी मोटार बाद झाली, कारण सी. एन. जी. ची टाकी डिकीतील बरीचशी जागा अडवते. तिसऱ्या ओळीने डिझेलचा मोह सोडविला. डिझेल मोटार रोज लांबचा प्रवास करणाऱ्यास परवडते. थोडे फिरणाऱ्यास इंधनात जे वाचते त्याहून अधिक पैसे तिच्या दुरुस्तीत जाण्याची शक्यता असते. यादी केली नसती, तर “इंधन स्वस्त पडते” एवढ्या एका वाक्यावर भुलून भावोजींनी गॅसची मोटार घेतली असती आणि खुर्ची घरीच राहिली असती.

तीन लाखांची मोटार अडीच लाखांत शोधावी

हाताशी तीन लाख असले म्हणजे तीन लाखांची मोटार पाहावयाची, ही सर्वांत मोठी चूक होय. मोटारीची किंमत हा खर्चाचा आरंभ असतो. नावबदलाचे शुल्क, विमा, तेल व गाळण्या बदलणे, बॅटरी, कधी चारही टायर, हे सारे पहिल्या दोन महिन्यांतच पुढे उभे राहते. म्हणून एकूण रकमेचा पाचवा हिस्सा बाजूस काढून उरलेल्या पैशांत मोटार शोधावी. ताईने दोन लाख चाळीस हजारांची मर्यादा घातली आणि साठ हजार रुपये वेगळ्या खात्यात ठेवले. त्या खात्याला हात लावण्याची पाळी पहिल्याच महिन्यात आली, हे पुढे दिसेलच.

मोटारीचे मोल किती झपाट्याने उतरते, याचा अंदाज विम्याच्या दरपत्रकावरून येतो. त्यातील कोष्टकानुसार एकदोन वर्षांच्या मोटारीच्या मोलातून वीस टक्के, तर चारपाच वर्षांच्या मोटारीच्या मोलातून पन्नास टक्के वजा होतात. म्हणजे पहिल्या पाच वर्षांचा मोठा तोटा पहिल्या मालकाने सोसलेला असतो. जुनी मोटार घेण्यातील खरा फायदा हाच. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला व नव्या मोटारी स्वस्त झाल्या. विक्रेता जुन्या मोटारीची किंमत सांगू लागला, की त्याच जातीच्या नव्या मोटारीची आजची किंमत विचारून तिच्याशी ती ताडून पाहावी.

कोणती मोटार?

या प्रश्नाचे उत्तर कंटाळवाणे आहे, पण तेच बरोबर आहे. जी मोटार आपल्या गावात पुष्कळ दिसते, ती घ्यावी. मारुतीची आल्टो, वॅगन आर, स्विफ्ट, ह्युंदाईची सँट्रो किंवा आय टेन अशा मोटारी लाखांनी विकल्या गेल्या आहेत. त्यांचे सुटे भाग तालुक्याच्या ठिकाणीही मिळतात आणि त्यांच्या यंत्राची ओळख नसलेला मिस्त्री शोधून सापडणार नाही. याउलट, दिसावयास रुबाबदार आणि किमतीस आश्चर्यकारक रीतीने उतरलेली मोटार समोर आली, तर ती का उतरली, हे विचारावे. शेवरोलेने २०१७ साली आपल्या देशातील विक्री थांबविली. फोर्डने २०२१ साली येथील उत्पादन आवरते घेत असल्याचे जाहीर केले. या मोटारी वाईट होत्या असे मुळीच नव्हे. परंतु आपल्या गावात त्यांचे भाग आणि जाणकार मिस्त्री आहेत की नाहीत, याची खात्री करून घेतल्यावाचून त्या घेऊ नयेत.

सुरक्षिततेचा विचारही येथेच करावा. चाके न अडकता ब्रेक लागण्याची ए. बी. एस. ही योजना एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना आवश्यक झाली. चालकापुढील हवेची पिशवी, म्हणजे एअरबॅग, जुलै २०१९ पासून आणि पुढे बसणाऱ्या दोघांसाठीही ती २०२२ पासून सक्तीची झाली. त्यापूर्वीच्या मोटारींत या सोयी बहुधा वरच्या प्रकारांतच असत. तेव्हा दोन सारख्या मोटारींत निवड करावयाची झाल्यास उंची ध्वनियंत्राकडे न पाहता या पिशव्यांकडे पाहावे.

एका रविवारी पाहिलेल्या दोन मोटारी

बऱ्याच चौकशीनंतर दोन मोटारी ठरल्या. दोन्ही २०१५ सालच्या, दोन्ही पेट्रोलच्या. आमच्याबरोबर भावोजींच्या ओळखीचे एक वयस्क मिस्त्री होते. सकाळच्या कामाबद्दल त्यांना हजार रुपये द्यावयाचे ठरले होते, आणि या सर्व व्यवहारात इतके सत्कारणी लागलेले दुसरे हजार रुपये आम्हांस आठवत नाहीत.

पहिली मोटार एका विक्रेत्याच्या आवारात होती. पांढरीशुभ्र, टायर काळेकुळकुळीत, आत अत्तराचा वास. मीटरवर अडतीस हजार किलोमीटर. किंमत दोन लाख पंधरा हजार. भावोजी तर तेथेच होकार देण्याच्या बेतात होते. मिस्त्री काही न बोलता दार उघडून खाली वाकले. ब्रेकच्या पायपट्टीवरील रबर झिजून गुळगुळीत झाले होते. चालकाच्या आसनाची कड दबली होती आणि सुकाणूच्या चक्रावरील खरखरीतपणा पार गेला होता. मग त्यांनी टायरच्या कडेवरील चार आकडे दाखविले. त्यांतील पहिले दोन आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. ते टायर २०१९ सालचे होते आणि तेही झिजत आलेले. चार वर्षांत पहिला संच संपला, दुसराही संपत आला, आणि मोटार मात्र केवळ अडतीस हजार किलोमीटर चालली! मिस्त्री आपल्या माळवी हिंदीत एवढेच म्हणाले, “साहेब, आकडा फिरवता येतो, पाय किती वेळा पडला ते पुसता येत नाही.” सेवेच्या पावत्या मागितल्या, तेव्हा त्या “मागील मालकाकडे राहिल्या” असे उत्तर मिळाले.

दुसरी मोटार एका निवृत्त प्राध्यापकांच्या दारात उभी होती. रुपेरी वॅगन आर, डाव्या दारावर पोचा, छतावर पारिजातकाची फुले पडलेली. मीटरवर चौऱ्याहत्तर हजार. किंमत दोन लाख पस्तीस हजार. प्राध्यापकांनी आतून एक जाड फाइल आणली. तीत पहिल्या सेवेपासूनच्या सर्व पावत्या तारीखवार लावल्या होत्या आणि प्रत्येकीवर मीटरचा आकडा होता. “पुढच्या चाकांचे ब्रेक लवकरच बदलावे लागतील, आणि बॅटरीही तीन वर्षांची झाली आहे,” हे त्यांनी आपणहून सांगितले.

मीटरवरील आकडा दुप्पट आणि किंमत वीस हजारांनी अधिक. तरीही मिस्त्रींनी दुसऱ्याच मोटारीकडे बोट दाखविले. खासगी मोटार वर्षास साधारणपणे दहाबारा हजार किलोमीटर चालते. तेव्हा इतक्या वर्षांच्या मोटारीने पाऊण लाख किलोमीटर चालणे स्वाभाविकच आहे. जुनी मोटार घेणारा मनुष्य लोखंड आणि रबर यांच्याबरोबर आधीच्या मालकाच्या सवयीही विकत घेत असतो. वेळेवर तेल बदलणाऱ्याची लाखभर किलोमीटर चाललेली मोटार, हेळसांड झालेल्या पन्नास हजारांच्या मोटारीहून अधिक काळ साथ देते.

कागद काय सांगतात

मोटार आवडली तरी कागद पाहिल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये. नोंदणीचे पुस्तक, म्हणजे आर. सी., मूळ स्वरूपात पाहावे व त्यावरील चॅसी क्रमांकाची सतरा अक्षरे व आकडे मोटारीवर कोरलेल्या क्रमांकाशी एकेक करून ताडावे. मालक कितवा, इंधन कोणते आणि मोटार कोणत्या बँकेकडे तारण आहे काय, हे त्यावरून कळते. केंद्र सरकारच्या ‘परिवहन’ या संकेतस्थळावर क्रमांक घातल्यास विम्याची मुदत व नोंदणीची स्थिती दिसते, आणि थकलेले दंडही तपासता येतात. कर्ज फिटले असल्यास बँकेचे ना हरकत पत्र आणि तारण उठविण्याचा नमुना क्रमांक ३५ हातात घ्यावा. “कर्ज फिटले आहे, कागद मागाहून देतो” या वाक्यावर विसंबू नये.

विम्याचा कागद हाही एक बोलका साक्षीदार आहे. भरपाईची मागणी न केल्याबद्दल मालकास मिळणारी सूट पहिल्या वर्षी वीस टक्के असते व सलग पाच वर्षे मागणी न केल्यास ती पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. एखाद्या जुन्या मोटारीच्या विम्यावर ही सूट शून्य असेल, तर नुकताच अपघात झाला होता काय, किंवा विमा खंडित झाला होता काय, हे विचारावे. ही सूट मालकाची असते, मोटारीची नव्हे. म्हणून ती आपणांस मिळेल असे समजू नये, आणि केवळ तिच्यावरून मोटारीस निर्दोषही ठरवू नये.

वयाचा प्रश्नही कागदाशीच निगडित आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. पुढे तपासणी करून ती पाचपाच वर्षांनी वाढवावी लागते. एप्रिल २०२२ मध्ये या नूतनीकरणाचे शुल्क सहाशे रुपयांवरून पाच हजार रुपये झाले. म्हणून तेराचौदा वर्षांची मोटार स्वस्त दिसली, तरी हा खर्च तिच्या किमतीत मिळवून पाहावा. दिल्ली व आसपासच्या प्रदेशात तर दहा वर्षांवरील डिझेल व पंधरा वर्षांवरील पेट्रोल मोटारींवर २०१५ साली हरित न्यायाधिकरणाने निर्बंध घातले. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले आणि २०२५ साली त्यांत फेरबदल केले. तेथील वाचकांनी त्या दिवशीचा नियम पाहूनच व्यवहार करावा.

बदलीच्या नोकरीमुळे परप्रांतात राहणाऱ्या वाचकांस एक विशेष सूचना. दुसऱ्या राज्यात नोंदलेली मोटार पुष्कळदा स्वस्त मिळते. परंतु ती आपल्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवावयाची असेल, तर येथील क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ प्रादेशिक परिवहन कार्यालयाचे ना हरकत पत्र, म्हणजे नमुना क्रमांक २८, लागते आणि येथील रस्ता कर नव्याने भरावा लागतो. हा कर जमेस धरला म्हणजे स्वस्त मोटार अनेकदा महाग ठरते.

मोटार पाहताना

मोटार नेहमी दिवसाउजेडी, कोरडी आणि थंड असताना पाहावी. विक्रेत्याने आधीच यंत्र चालू करून ठेवले असेल, तर दुसऱ्या दिवशी यावे, कारण पुष्कळ दोष थंड यंत्र चालू करतानाच प्रकट होतात. धुराचा रंग पाहावा. निळसर धूर म्हणजे तेल जळत आहे. काळा धूर म्हणजे इंधन नीट जळत नाही. यंत्र तापल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला, तर आत पाणी जात असण्याचा संभव आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली, तरीही तोच संशय घ्यावा.

रंगाच्या छटेत फरक, दारांच्या फटी कमीअधिक, बॉनेटच्या बोल्टांवर पान्याच्या खुणा, या गोष्टी जुना अपघात सांगतात. डिकीतील जादा चाक उचलून त्याखालील पत्रा पाहावा. तेथे सुरकुत्या असतील तर मागून धक्का बसला आहे. मुंबईत २००५ साली, चेन्नईत २०१५ साली, सांगली-कोल्हापुरात २०१९ साली महापूर आले. अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या मोटारी धुऊनपुसून दूरच्या गावी विकावयास येतात. गालिच्याखाली वाळलेला गाळ, आसनांच्या रुळांवर गंज, दिव्यांच्या काचेत दमटपणा आणि दडपून मारलेला सुगंध, ही त्यांची लक्षणे होत. अशी मोटार कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यावी. तिच्यातील विजेच्या तारा कधी दगा देतील, हे मिस्त्रीही सांगू शकत नाही.

मग अर्धा तास स्वतः चालवून पाहावी, आणि तेही चढ, खाचखळगे व मोकळा रस्ता अशा तिन्ही ठिकाणी. सपाट रस्त्यावर सुकाणू सैल धरले असता मोटार एका बाजूस ओढू नये. ब्रेक दाबताच ती सरळ थांबावी. चढावर यंत्राचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच संपत आला आहे. ज्यांच्यासाठी मोटार घ्यावयाची, त्यांनाही त्या वेळी बरोबर न्यावे. ताईने सासूबाईंना मागच्या आसनावर बसविले, उतरविले, पुन्हा बसविले, आणि खुर्ची डिकीत ठेवून झाकण लावून पाहिले. ही परीक्षा कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही, परंतु त्या घरापुरती तीच सर्वांत महत्त्वाची होती.

नाव बदलल्यावाचून व्यवहार पुरा नाही

किल्ली हातात आली म्हणजे मोटार आपली झाली, हा समज चुकीचा आणि धोक्याचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याप्रमाणे त्याच राज्यात विक्री झाल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुना क्रमांक २९ व ३० भरावे लागतात. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या एका प्रकरणात मोटार एकामागून एक अनेकांच्या हाती गेली होती, पण पुस्तकात पहिल्याच मालकाचे नाव होते. पुढे त्या मोटारीने अपघात झाला, तेव्हा नोंदीत ज्याचे नाव त्याच्यावरच भरपाईची जबाबदारी न्यायालयाने ठेवली. विकणाऱ्यांनी तर हे विशेषच लक्षात ठेवावे.

घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमाही आपल्या नावावर करून घ्यावा. नाही तर स्वतःच्या मोटारीच्या नुकसानीची भरपाई मिळताना अडचण येते. विक्रेत्याकडून मोटार घेत असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्यांस परिवहन कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते, ते पाहावयास मागावे. पैसे बँकेतूनच द्यावे, आणि ताबा घेतल्याची तारीख व वेळ लिहून दोघांनीही सह्या कराव्या.

ताईची मोटार दोन लाख सव्वीस हजारांस ठरली. पहिल्याच महिन्यात पुढचे ब्रेक, बॅटरी आणि दोन टायर यांवर बाजूस ठेवलेल्या पैशांतील एकवीस हजार रुपये खर्च झाले. प्राध्यापकांनी सांगितले होते त्याप्रमाणेच ते झाले, म्हणून कोणास त्याचे दुःख वाटले नाही. दारावरचा पोचा अजून तसाच आहे. त्यासाठी खर्च करण्यास सासूबाईंचीच परवानगी नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी पावणेसहाला त्या स्वतः तयार होऊन फाटकाशी येऊन बसतात, आणि ताईने दार उघडले की कोणाचा हात न धरता आत बसतात.

प्राध्यापकांनी दिलेल्या त्या जाड फाइलीत आता ताईच्या हस्ताक्षरातील पावत्यांची भर पडू लागली आहे. आणखी पाचसहा वर्षांनी ही मोटार कोणा तिसऱ्या कुटुंबाकडे जाईल, तेव्हा ती फाइलही तिच्याबरोबर जाईल.